पद्माक्का आणि तिची न संपणारी कामं

पद्माक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी चेन्नईच्या नुंगंबाक्कममधल्या एका चष्म्याच्या दुकानात भिंतींची मापं घेत होते. टेपचं एक टोक चपलेखाली दाबलेलं, दुसरं हातात, आणि फोन कान नि खांदा यांच्यामध्ये. पलीकडून तिचे धाकटे भाऊ व्यंकटराव सांगत होते, "सकाळी उठलीच नाही. झोपेतच गेली. त्रास काही झाला नाही." मी नुसतं "हो, हो" म्हणत राहिले. फोन ठेवला आणि उरलेल्या दोन भिंती मोजून घेतल्या, कारण दुकानदाराला परवा प्लॅन हवा होता. मग रस्त्यावर आले. एका उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभी राहिले, आणि तिथे मनात जो पहिला धड विचार आला तो असा, की आता हिच्यासाठी एन्नोरच्या कोळीवस्तीत माणसं रडतील. माझ्यासाठी या चष्म्याच्या दुकानात कोण रडणार आहे... सात आठवडे झाले. हे लिहिताना लाज वाटते. पण तिच्याबद्दल लिहायचं तर हेव्यापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण बावीस वर्षांच्या मैत्रीत तो कायम माझ्यासोबत होता.

मी कराडची. डिप्लोमा करून, लग्न होऊन चेन्नईला आले आणि एका स्ट्रक्चरल डिझाइनच्या ऑफिसात ड्राफ्टिंगला लागले. कोणाशी दोन शब्द मराठी बोलता येतील अशी आशा नव्हती. पहिल्याच दिवशी दुपारी डबा उघडला, तर शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "काय गे, एकटी जेवतेस? कोठली तू?" मी दचकून पाहिलं. जाड चष्मा, कानात खड्यांच्या कुड्या, केसांत मोगरा, अगदी इथल्यासारखी दिसणारी बाई. तिचे पूर्वज तंजावरला येऊन किती पिढ्या झाल्या ते तिलाही सांगता येत नव्हतं. घरात मराठी टिकली होती, पण ती जुन्या पोथीतली वाटावी अशी. 'मज', 'कोठे', 'गे', आणि सूर सगळा तमिळ. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, म्हणून सगळं ऑफिस म्हणायचं तसं मीही पद्माक्का म्हणू लागले. लग्न केलं नव्हतं. वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये आई, ती आणि व्यंकटराव असे तिघं राहायचे.

आमच्या ऑफिसात दोन प्रकारची कामं येत. एक सुटी कामं: कोणाच्या बंगल्याची गच्ची, शाळेची पाण्याची टाकी, मंगल कार्यालयाचं छप्पर. दोन-तीन आठवड्यांत ड्रॉइंग बाहेर, फाइल बंद. दुसरं मोठं काम. त्या वेळी ते एन्नोरला होतं: जहाजातून उतरलेला कोळसा वीजकेंद्रापर्यंत नेणारा मैलभर लांब पट्टा, त्याचे लोखंडी पाय, मधले मनोरे. ते काम मी येण्याआधी दोन वर्षं चालू होतं आणि मी आल्यावर आणखी सहा वर्षं चाललं. ते पद्माक्काकडे. सुटी कामं माझ्याकडे. मला सुटी कामंच आवडतात असं मी सगळ्यांना सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं. काम संपलं की अंगावरून ओझं उतरतं, नवं हाती घेताना डोकं ताजं असतं. तीन आठवड्यांहून जास्त एका गोष्टीकडे पाहत राहिले की मला त्या गोष्टीचा राग यायला लागतो. पण माझी बंद झालेली फाइल कधी कोणी उघडायचं नाही, आणि तिला मात्र दिवसातून चार फोन. साइटवरच्या माणसांना दुसरं कोणी चालायचं नाही. "पद्मा मॅडम इल्लैया?" पद्मा मॅडम नाहीत का, एवढं विचारून, ती नाही म्हटलं की फोन ठेवून देत. मी एकदा म्हणालेसुद्धा, "अक्का, एकाच पट्ट्यावर आठ वर्षं. कंटाळा नाही येत?" ती म्हणाली, "पहिलं वर्ष मज काहीच कळत नाही गे. दुसऱ्यापासून थोडं थोडं दिसतं." मी हसले होते. आत कुठेतरी ते टोचलं.

तिला काय दिसायचं ते मी एकदाच पाहिलं. एका शनिवारी ती मला बरोबर घेऊन गेली. उत्तरेकडची गाडी, मग बस, मग धुळीतून चालणं. हवेत राख, नाकपुड्या काळ्या. खाडीच्या काठाला कोळ्यांची वस्ती होती. नकाशावर पट्ट्याचे दोन पाय नेमके त्या वाटेवर येत होते जिथून ती माणसं होड्या आणि जाळी पाण्याकडे न्यायची. आमच्या ड्रॉइंगवर ती वाट नव्हतीच. सर्व्हेवाल्यांना ती दिसली नव्हती, कारण भर दुपारी तिथून कोणी जात नाही. पद्माक्काला दिसली, कारण ती वर्षभर दर महिन्याला वेगवेगळ्या वेळी तिथे गेली होती. एक पाय गाळून, दुसरा सरकवून अंतर वाढवायचं, तर वरचा सांगाडा जड होतो, सगळा हिशोब नव्याने मांडावा लागतो. तिने ते ड्रॉइंग करून दिलं, परत आलं. पुन्हा दिलं, पुन्हा परत. ती भांडली नाही. दर वेळी आणखी एक माप, आणखी एक फोटो जोडून पाठवत राहिली. सव्वा वर्षाने मंजूर झालं. मी गेले त्या शनिवारी तिथे पाया खणला जात होता, वाटेच्या बाहेर. जाळी विणत बसलेल्या एका बाईने तिला हाक मारली, नावाने. मग आणखी दोघी आल्या. तिला बसायला पाट दिला, मला विचारलं, ही कोण. पद्माक्का म्हणाली, "माझी तंगच्ची." धाकटी बहीण. मी हसून नमस्कार केला आणि येताना गाडीत खिडकीबाहेर पाहत राहिले. इतक्या वर्षांत मी शंभरावर कामं केली होती. त्यातल्या एकाही घरातल्या बाईला माझं नाव माहीत नव्हतं.

आता ती गोष्ट, जी मी ती जाईपर्यंत कोणाला सांगितली नव्हती. एन्नोरचा पहिला टप्पा संपला आणि दोन-तीन वर्षांनी दुसरा आमच्याकडे आला. पाच वर्षांचं काम. त्याच सुमारास पद्माक्काच्या आईला अर्धांगवायू झाला होता. ती मधूनमधून रजा घ्यायची, पण काम सोडायचा विचार तिच्या मनात नव्हता. दुसऱ्या टप्प्याची वाट ती ज्या तऱ्हेने पाहत होती ते मला माहीत होतं. जुने नकाशे काढून तिने आधीच खुणा करून ठेवल्या होत्या. आमचे मुख्य, नटराजन सार, म्हणजे सर, एके दिवशी मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "पद्माला हे झेपेल का? तू जवळची आहेस, म्हणून विचारतो." मी केबिनचं दार नीट लोटून घेतलं. मग म्हणाले, "सार, ती थकली आहे. नाही म्हणणार नाही ती, पण घरी फार ओढाताण होते. वर्षभर तिला सुटी कामं द्या." काळजीने बोलावं तसं बोलले. सार म्हणाले, "मग मोठं काम तू घेशील, शुभा?" मी घेतलं.

दुसऱ्या दिवशी पद्माक्काने स्वतः खुणा केलेले सगळे नकाशे माझ्या टेबलावर आणून ठेवले. एकही प्रश्न विचारला नाही. "काही अडलं तर सांग गे," म्हणाली आणि एका बालवाडीच्या उताराचं ड्रॉइंग करायला बसली.

मी चौदा महिने काढले. काम वाईट केलं असं नाही. पण तेच मनोरे, तेच सांधे, सातव्यांदा परत आलेलं तेच ड्रॉइंग... कशालाच शेवट नाही. रोज सकाळी फाइल उघडायच्या आधी मी दुसरी बारीकसारीक कामं शोधून काढायचे. साइटवर जायचं मी टाळायचे. फोन आले की उत्तर द्यायचे, पण फोनवरची माणसं मला माणसं वाटायची नाहीत, अडथळे वाटायची. हळूहळू ती माणसंही पुन्हा पद्माक्कालाच विचारायला लागली. आणि ती? तीन आठवड्यांच्या कामांना ती तीन-तीन महिने लावत होती. ती बालवाडी बांधून झाली, तरी ही अधूनमधून मुलं उतारावरून कशी धावतात ते पाहायला जायची. तिथल्या बाई आधी वैतागल्या, मग तिच्यासाठी कॉफी ठेवायला लागल्या. मी तिच्याकडून मोठं काम काढून घेतलं होतं आणि तिने लहान कामाचंच मोठं काम करून टाकलं होतं. तेव्हा मला तिचा जितका हेवा वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता. शेवटी मुलीच्या शाळेचं कारण सांगून मी सुटका मागितली. एन्नोर तिच्याकडे परत गेलं. "सरी," म्हणजे ठीक, एवढंच ती म्हणाली आणि फाइली उचलून नेल्या. त्यानंतर वर्षभरात मी ते ऑफिस सोडलं आणि स्वतःची लहान कामं घ्यायला लागले. तिचा फोन दर पंधरवड्याला यायचा. मी कधी आपणहून केला, कधी नाही.

तेराव्याला मी वेस्ट मांबलमला गेले. पंगत उठल्यावर व्यंकटराव माझ्याजवळ येऊन बसले. शांत गृहस्थ आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. म्हणाले, "तुम्ही आमच्या अम्मासाठी केलं ते अक्का विसरली नाही." मला कळेना. ते म्हणाले, "अम्माचे शेवटचे चौदा महिने. तेव्हा अक्का पाचला घरी यायची, अम्माला स्वतः भरवायची. नटराजन सारांनी तिला सांगितलं होतं, शुभा म्हणाली म्हणून तुला सुटी कामं दिली. अक्का नेहमी सांगे, मी तोंडाने मागितलं नसतं, शुभाने मज वेळ मागून दिला."

त्या अम्मा त्याच चौदा महिन्यांत गेल्या होत्या. मी त्यांच्या दिवसांना आले होते, जेवून गेले होते. हा हिशोब माझ्या मनात कधी जुळलाच नव्हता.

मी म्हणाले, "व्यंकटराव, मी ते तिच्यासाठी नव्हतं केलं. मला ते काम हवं होतं."

त्यांनी पानाचं तबक माझ्याकडे सरकवलं. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "अक्का भोळी नव्हती. तिला सगळं कळलं असेल, नसेल... मज ठाऊक नाही. ती सांगे ते मी तुम्हाला सांगितलं." आणि उठून कोणालातरी निरोप द्यायला दाराशी गेले. मी पानाचं तबक समोर घेऊन बसून राहिले. रडू यायला हवं होतं. आला तो पुन्हा हेवाच. माझ्यासारखीबद्दल असं काही मनात धरून इतकी वर्षं दर पंधरवड्याला फोन करता येणं, हे मला सात जन्मांत जमलं नसतं.

निघताना व्यंकटरावांनी तिची खोली उघडून दिली. टेबलावर एक ड्रॉइंग टाचण्यांनी लावलेलं होतं. त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही, तीन मजले, आणि राहणारी बहुतेक माणसं सत्तरीच्या पुढची. निवृत्त झाल्यावर पद्माक्काने जिन्याला भिंतीच्या बाजूने दुसरा कठडा बसवायचं मनावर घेतलं होतं. माझ्या हिशोबाने आठ दिवसांचं काम. तिला तीन वर्षं झाली होती आणि ते पुरं नव्हतं. बाजूला एक वही होती. प्रत्येक बिऱ्हाडातल्या माणसाचं नाव, चढताना हात कुठे जातो, उतरताना कुठे, कोणता गुडघा दुखतो, दम कोणत्या पायरीवर लागतो. काही नावांपुढे माप दोनदा-तीनदा बदललेलं, कारण माणूस तेवढ्यात वाकला होता. दोन नावांवर बारीक रेघ ओढलेली. "हे कोणी पुरं करेल काय?" व्यंकटरावांनी विचारलं. माझ्याकडे पाहून नाही, टेबलाकडे पाहून.

मी वही घेऊन आले. पंधरा दिवसांत देते म्हणाले होते. दर शनिवारी जाते आहे, हा पाचवा शनिवार झाला. मापं पुन्हा घ्यावी लागतात, कारण तिने लिहिलेलं सगळं मला वाचता येतं पण सगळं कळत नाही. काल दुसऱ्या मजल्यावरच्या लक्ष्मीबाईंना खाली उतरवून घेत होते. नव्वदीच्या आहेत, तंजावरच्याच. मी त्यांना चौथ्या पायरीवर थांबवून हाताची उंची मोजायला लागले, तर त्या टेपकडे न बघता म्हणाल्या, "पद्मा मज येथे थांबवत नव्हती. आणखी एक पायरी खाली. तेथे खिडकी आहे, वारा येतो."

मी टेप गुंडाळली. त्यांचा हात धरला आणि दोघी एक पायरी खाली उतरलो. खिडकीतून खरंच वारा येत होता.