मिस्त्रींनी कालवलेली दातांची पेस्ट

मिस्त्रींनी चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींना गिलावा केला. डोळे मिटून भिंतीवरून तळवा फिरवायचे आणि सांगायचे, इथे खळगा आहे, इथे फुगीर आहे. त्यांचा हात फिरलेल्या भिंतीत रंगाऱ्याला खोट काढता यायची नाही. त्या हाताचा त्यांना भारी गर्व होता, आणि खरं सांगायचं तर तो शोभायचाही.

घरात मात्र सत्ता बायकोची. तिच्या तोंडाचा पट्टा सुटला की मिस्त्री हळूच गॅलरी गाठायचे. पण यंदा ती लांबलचक आजारातून उठली ती तोंड सोलवटून घेऊनच. दुकानातली पेस्ट लावली की नुसती आग. मग ब्रश बंद, खाणं पातळ आणि बोलणं हो-नाहीपुरतं. ते शांत घर मिस्त्रींना खायला उठलं. तिनं पुन्हा बोलावं, भले आपल्यालाच फैलावर घ्यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फेस नको, झणझणीत वास नको. सौम्य काहीतरी बघा."

"मग काय, आपला हात जगन्नाथ," म्हणत मिस्त्रींनी औषधांच्या दुकानातून खडू आणला, खलात कुटला, खोबरेल तेलात कालवला. कालवण्यात त्यांना कोण शिकवणार! तळव्यावर चोळून पाहिलं. "लोणी आहे, लोणी!"

बायकोनं ब्रश तोंडात घातला आणि लगेच बाहेर काढला. डोळ्यांत पाणी.

"अगं, मी हातावर बघितलं होतं ना!"

तिनं तोच हात ओढून आपल्या गालावर ठेवला. "हा हात?" एवढंच म्हणाली.

मिस्त्री खजील झाले. सिमेंटनं खाल्लेला तळवा तो, त्याला भिंतीचा खळगा कळायचा, पण वाळूसुद्धा रेशीम वाटायची. त्यांनी पेस्टचा ठिपका स्वतःच्या हिरडीवर चोळला. चक्क कचकच! ज्याचं जळतं त्याला कळतं, ते असं.

मग पुन्हा कुटणं, मलमलच्या फडक्यातून तीन-तीनदा चाळणं आणि दर खेपेला हिरडीवर लावून बघणं सुरू झालं. चौथ्या दिवशी कचकच गेली. डॉक्टरीणबाईंना दाखवून, त्यांचा होकार घेऊन मगच त्यांनी बरणी बायकोपुढे ठेवली. तिनं भीतभीत दात घासले, चूळ भरली आणि मान डोलावली. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला.

पंधरवड्यानं एका सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला.

"अहो, हे काय करून ठेवलंय! ओट्यावर खडू, डब्यांवर खडू! माझी नवी मलमलची ओढणी कुणाला विचारून फाडलीत? लोकांच्या घरात घातलेला राडा पुरला नाही वाटतं!"

मिस्त्री धावत आले आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"बोल," ते म्हणाले, "अजून काय काय केलं मी?"