ब्रह्मांड, तिसरा मजला

शब्द फोडून दाखवायची मला खोड आहे. लोक शेंगा फोडतात, मी शब्द फोडतो. या खोडीपायी एकदा हाताशी आलेलं घर जाता जाता राहिलं.

आम्ही तेव्हा डिंडोलीला राहत होतो आणि बायकोची शाळा सुरतेच्या दुसऱ्या टोकाला. जाताना दोन रिक्षा, येताना दोन रिक्षा, आणि घरी आल्यावर माझ्याशी अबोला. शेवटी शाळेसमोरच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा असल्याचं तिला कळलं. इमारतीचं नाव ब्रह्मांड. फाटकावर पाटी होती: मांस, मच्छी, ईंडां आणायला मनाई.

"अहो, तिथे कमी बोला," बायकोने पायऱ्या चढता चढता बजावलं.

घरमालक काका झोपाळ्यावर बसले होते, काकी शेजारी मेथी निवडत होत्या. ते दोघं गुजरातीत बोलत, आम्ही मराठीत. सुरतेत याला कोणी अडचण मानत नाही.

"ईंडां खाता?" काकांनी विचारलं.

"घरात कधीच नाही," मी म्हणालो. हे खरं होतं. सुरतेत गाडीवर अंड्यांचा जो लोणी घातलेला लगदा मिळतो त्याला घोटाळा म्हणतात, आणि मी माझे घोटाळे नेहमी बाहेरच करत आलोय.

काका खूश झाले. चहा आला, पाठोपाठ भाडेकरार आला. मग काका सहज म्हणाले, "इमारतीचं नाव मी ठेवलंय, भाई. कसा पवित्र शब्द आहे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी कपाकडे पाहिलं. पण शब्द समोर आख्खा पडलेला.

"ब्रह्म आणि अंड," मी म्हणालो. "ब्रह्माचं अंडं. आधी सगळीकडे पाणी. त्यावर सोन्याचं अंडं तरंगतंय, आत ब्रह्मदेव. वर्षभराने ते फुटलं. वरच्या टरफलाचं आकाश झालं, खालच्याची जमीन." दोन्ही टरफलं मी हात पसरून दाखवलीसुद्धा.

झोपाळा थांबला. कठीण प्रसंगी मराठी माणसाला ब्रह्मांड आठवतं. बायकोला ते टरफलासकट आठवलं असावं.

"म्हणजे अकरा वर्षं आपण ईंड्यात राहतोय?" काकी म्हणाल्या. "आणि वर वास्तुशांत केली."

"तू थांब," काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "कोंबडीचं?"

"कोंबडी नव्हतीच. ती पुष्कळ नंतर झाली."

"मग घातलं कोणी?"

"कोणीच नाही. आपोआप."

"खाल्लं कोणी?"

"कोणीच नाही."

काकांनी चहा संपेपर्यंत विचार केला. "घालणारी नाही, खाणारा नाही. मग शाकाहारीच म्हणायचं," ते म्हणाले. "पण भाई, कमिटीत दोघे जण आहेत, त्यांना गोकुळ नाव हवं होतं. त्यांच्या कानावर हे गेलं तर ते मला उरलेलं आयुष्य तळून खातील."

त्यांनी पेन मागवलं आणि कराराच्या तळाशी हाताने एक अट वाढवली: भाडेकरूने इमारतीच्या नावाचा अर्थ कोणालाही सांगू नये.

"हे म्हणजे जरा जास्तच..." मी सुरुवात केली.

"सही करा," बायको म्हणाली.

मी केली. माझी शाई वाळायच्या आत साक्षीदार म्हणून तिने केली.