मांडीवरचा हात

गोदामातल्या सावंतबाईंची एक लकब आहे. संगणकावर ‘सेव्ह’चं बटण एकदा दाबलं, की त्या माउसवरचा हात चटका बसल्यासारखा उचलतात, मांडीवर ठेवतात आणि दुसऱ्या हाताने दाबून धरतात. पडद्यावर ‘नोंद झाली’ असं उमटेपर्यंत तो हात तसाच. आज दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो, तेव्हा हे पाहिलं.

ही सवय मी लावलीय. त्यांच्या कारखान्यासाठी मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये एक बेअरिंग दिलं, की साठ्यातून दोन कमी व्हायची. मी फोनवरच निकाल देऊन टाकला होता, "बाई, तुम्ही बटण दोनदा दाबताय." आठवड्याने कळलं, साठा कमी करणारी ओळ मीच दोन ठिकाणी लिहिली होती. एक खोडली. कुणाला काही बोललो नाही. माझ्या लेखी विषय संपला.

काही बिघडलं की वापरणाऱ्याचा हात आधी दिसतो. आपण लिहिलेली ओळ आपण सगळ्यात शेवटी वाचतो, तीही नाइलाज म्हणून.

"तुम्ही सांगितल्यापासून एकदाही घोळ नाही बघा," बाई हसून म्हणाल्या. "माझीच सवय वाईट होती. आता नवीन आलेल्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवते."

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी बटण दाबलं आणि हात मांडीवर घेतला.

सगळं सांगून टाकायला मी तोंड उघडलं, आणि प्यायला पाणी मागितलं.