परमिट घेणाऱ्याचा आवाज

हरीभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला, महिना झाला. खरं सांगतो, दुःखाच्या आधी मला भीती वाटली. इतकी वर्षं कल्याणच्या सबस्टेशनचा साहेब म्हणून मिरवलो, पण रात्री झोप लागायची ती ऑपरेटरच्या खुर्चीत हरीभाऊ होते म्हणून.

खाडीकाठच्या कोळीवाड्यातला हा माणूस जाळं सोडून वीज मंडळात चिकटला. खांबावर चढण्याआधी वायरमन फोनवरून परमिट मागे, मग हरीभाऊ लाइन बंद करत. ज्याने परमिट घेतलं त्यानेच खाली उतरून फोन केल्याशिवाय ती पुन्हा चालू होत नसे. नियमच होता तो, पण हरीभाऊ आवाज ओळखत. "सर्दी झाली कं रं तुना?" असंही विचारत.

नव्वदनंतर सुधारणांची चर्चा सुरू झाली. सरकारने फक्त नियम करावेत, बाकी बाजारावर सोडावं, असं मी डब्याच्या सुट्टीत तावातावाने सांगायचो. मंडळाची सुस्ती आतून पाहिली होती; माझं सगळंच चुकलं असं आजही म्हणवत नाही. हरीभाऊ एकदा म्हणाले, "साहेब, नियम सरकार करनार, काम ठेकेदार करनार. मंग खांबावर असंल त्याचा कोन?" मी हसलो...

दुरुस्ती ठेकेदाराकडे गेली. पहिल्याच उन्हाळ्यात, भर दुपारी, डोंबिवलीचा मोठा भाग बंद पडला. काम झाल्यावर ठेकेदाराच्या सुपरवायझरने कळवलं, माणसं उतरली, लाइन चालू करा. हरीभाऊंनी परमिट घेणाऱ्याला फोनवर बोलावलं, तर तो पुढच्या कामावर निघून गेलेला. हरीभाऊ अडून बसले. मला वरून फोनवर फोन. शेवटी मी त्यांच्यावर ओरडलो, "माझी ऑर्डर आहे, चालू करा!"

"तुमी या नि चालू करा साहेब. माजा हात नाय जानार."

मी गेलो नाही. दीड तासाने तो माणूस शीळफाट्याजवळ सापडला, फोनवर आला, मग लाइन चालू झाली. खांबावर कोणीच नव्हतं. मी हरीभाऊंना मेमो दिला. तो घडी घालून खिशात ठेवत ते म्हणाले, "वर कोन नव्हता, ता आता कललं. तुमी ओरडलात तवा ठावं होतं कं?"

मला ठाऊक नव्हतं. आणि तरीही मी ओरडलो होतो.

परवा दुपारी सबस्टेशनमधल्या ऑपरेटरच्या खोलीत गेलो. हरीभाऊंच्या खुर्चीत ठेकेदाराने पुरवलेला ऑपरेटर होता, चाळिशीतला, नम्र. फोन वाजला, त्याने उचलून ऐकलं आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून थेट स्विचकडे हात नेला. मी त्याचं मनगट धरलं.

"कोण बोलत होतं?"

"माहीत नाही सर. चालू करा म्हणाला. उशीर केला की आम्हाला काढतात ना..."

त्याचं मनगट न सोडता मी रिसीव्हर उचलला. विचारलं, "परमिट तुम्हीच घेतलंत का?"

पलीकडून उत्तर येईना. आयुष्यात एवढा मी कधी घाबरलो नव्हतो.