चांगल्या दाढेवरचं औषध

मोठ्या पोरीची दाढ दुखत होती म्हणून आम्ही बीडला गेलतो. धाकटी नुसती एस.टी.त बसायला मिळेल म्हणून मागं लागली होती. तिच्या दाताला काहीच झालेलं नव्हतं.

आम्ही नेकनूरकडचे, घरात शेळ्या-मेंढ्या. बाजारात शेळी घ्यायची तर आधी तिचं तोंड उघडायचं, दुधाचे दात आहेत की पुढचे दोन पक्के दात येऊन दोनदाती झाली ते बघायचं. त्यामुळे दातातलं आपल्याला कळतं, असा माझा समज. मोठीची मागची दाढ काळी पडली तेव्हा मी बायकोला म्हणालो, "दुधाची हाय. पडंल अन् नवी येईल." पण ती काही पडेना. पोरगी रात्रंदिवस कण्हायची, भाकर दुधात कुस्करून गिळायची.

दातांच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "दादा, ही दुधाची नाही. ही सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. आता हीच जन्मभर."

"मग पहिली कवा पडली?"

"पडलीच नाही. तिथं आधी काही नव्हतंच. दुधाच्या दाढांच्या मागं ही नवीच उगवते."

मला काही उमगेना. न पडता नवा दात कुठून येतो? तेवढ्यात मॅडमनी धाकटीला जवळ बोलावलं. ती नुकतीच सात वर्षांची झाली होती. तोंडात आरसा घालून बघत त्या म्हणाल्या, "हिच्या दाढा छान आल्यात. यांच्यावर सीलंट लावून टाकू."

"मॅडम, दुखतंय तिला," मी मोठीकडं बोट केलं.

त्या हसल्या आणि समजावून सांगू लागल्या. दाढेच्या माथ्यावर बारीक खाचा असतात, ब्रशचा केस आत पोचत नाही, अन्न अडकतं आणि कीड तिथूनच लागते. कीड लागायच्या आधी खाचा बुजवून टाकायच्या. हे पटलं. मी लगेच म्हणालो, "मग तेच मोठीलाबी लावा की."

"तिची कीड खोल गेलीय. वरून बुजवलं तर आत तशीच राहील. ती साफ करून भरावी लागेल, दोन-तीनदा यावं लागेल."

म्हणजे दुखतंय तिला लावायचं नाही, आणि दुखत नाही तिला लावायचं. मी बाहेर येऊन बायकोला फोन केला. ती म्हणाली, "तुमी नीट ऐकलं का? पोरींची अदलाबदल तर न्हाई झाली?" मागून आईचा आवाज आला, "चांगल्या दाताला कावून हात लावू देतो रे?" मी फोन ठेवून आत आलो. धाकटी आपणहून खुर्चीवर चढून बसली होती. मी म्हणालो, "लावा."

सुई नाही, मशीनची घरघर नाही. दाढा घासल्या, निळसर औषध लावून धुतलं, वाळवलं, वर पातळ पांढरं काहीतरी सोडलं आणि निळा उजेड धरला. पोरगी उठली ती गाल दाबतच.

"पप्पा, दाढ बंद केली का? आता भाकर कुठनं खायची?"

त्याच दिवशी मोठीच्या दाढेचं काम सुरू झालं. तिला सुई टोचली, ती रडली. परतीच्या एस.टी.त धाकटी बटाटेवडा खात होती आणि मोठी सुन्न गाल धरून तिच्याकडं बघत होती. मग ती म्हणाली, "माझी दाढ आली तवा हे औषध नव्हतं का?"

"आसंल," मी म्हणालो. "आपल्याला ठावं नव्हतं."

पुढच्या खेपांना मोठीची दाढ भरून झाली, दुखणं थांबलं. नंतर तपासणीत धाकटीच्या एका दाढेवरचं औषध थोडं निघालेलं दिसलं. त्या खेपेला सोबत आलेली आई म्हणाली, "बघ, म्हणलं न्हवतं?" मॅडम म्हणाल्या, "होतं असं कधी कधी, म्हणून तर तपासायला बोलावते." आणि पुन्हा लावलं.

परवा शेजाऱ्यानं विचारलं, "धाकटीच्या दाताला काय झालंतं?"

"काय न्हाई."

"मग डॉक्टर कशाला?"

मी खाचांपासून सांगायला सुरुवात केली आणि मध्येच अडकलो. तेव्हा मोठीच पुढं आली, बहिणीचा जबडा धरून उघडला आणि म्हणाली, "हे बघा काका, दाढ आशीच चांगली ऱ्हावी म्हणून."