मॅडम आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती

आमच्या संख्याशास्त्राच्या मॅडम कुणाचाही प्रबंध शेवटून वाचायच्या. आधी संदर्भयादी. तिच्यात आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती आणि ते बनवणाऱ्यांची नावं नसली, की प्रबंध तसाच परत. "पुस्तकाचं नाव लिहितेस, मंग याचं लिहाले हात दुखते काय?" आपल्या गावची, बपेऱ्याची बोली त्यांनी भंडाऱ्याच्या कॉलेजातही सोडली नाही.

मला ते खूळ वाटायचं. एकदा मी म्हणालेही, "मॅडम, स्वयंपाक सांगताना कढईचं नाव कोण घेतं?" त्या शांतपणे म्हणाल्या, "कढई बदलली तरी भाजी तेच राहते, पोरी. इथं उत्तर बदलते."

माझा विषय होता करडी गावाकडच्या भातगिरण्यांतल्या बायांचा खोकला. शेतावरच्या बायांपेक्षा त्यांना धोका किती पट, हे वय आणि चुलीचा धूर धरून काढायचं होतं. उत्तर चांगलंच मोठं आलं. मी हुरळून बायांना सांगूनही आले. लेख छापून आला की तो दाखवून त्या मालकाकडे धूळ ओढणारा पंखा मागणार होत्या. मॅडमना न दाखवताच पाठवलेल्या त्या लेखात मी लिहिलं होतं, 'संगणकाच्या साहाय्याने'.

नियतकालिकाच्या संपादकांनी विचारलं, कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती? तोवर कॉलेजचा संगणक पुसून त्यात सगळं नवीन भरलं होतं. अंदाजाने आवृत्ती लिहून देऊ म्हटलं, तर मॅडम भडकल्या. "बाया खऱ्या खोकलून राहिल्या, अन् तू अंदाज लिहितेस? आठवत नाही, तर पुन्हा मोज."

बायांकडून भरून घेतलेले कागदी फॉर्म काढून आम्ही दोघी पहिल्यापासून बसलो. नव्या आवृत्तीत तोच हिशेब अर्ध्यावर अडकला, उत्तरच देईना. मला रडू फुटलं. मॅडमनी सुपारी तोंडात टाकली आणि दुसरी रीत लावली. धोका आधीपेक्षा कमी निघाला, पण निघाला. पहिला आकडा जुन्या आवृत्तीने हिशेब पुरा न होताच दिलेला; तो छापला असता, तर मालकाने सहज खोटा पाडला असता. या वेळी रीत, आवृत्ती, कर्ते सगळं लिहिलं. लेख छापून आला आणि गिरणीत पंखा बसला.

मी आभारात घातलेलं त्यांचं नाव मात्र मॅडमनी लेख छापायला जाण्याआधीच लाल पेनाने खोडलं होतं. "माझं कायले? मले पगार भेटते." पुढच्या प्रत्येक लेखात मी नाव घालायची, त्या खोडायच्या. मीही हटले नाही.

मॅडम गेल्या उन्हाळ्यात वारल्या. परवा नवीन लेख पूर्ण झाला. संदर्भयादी आधी तपासली, सॉफ्टवेअर आवृत्तीसकट जागेवर होतं. आभारात त्यांचं नाव घातलं आणि प्रत दोन दिवस टेबलावर ठेवली, शेजारी लाल पेन.

नाव तसंच राहिलं.