पुसलेली कॅसेट

विस्मृतीत गेलेल्या ब्रिटिश रॉक बँडवर इंटरनेटवर लांबलचक पोस्टी टाकणारा एक नाशिककर म्हणून दोन हजारच्या दशकात चार लोक मला ओळखायचे. त्यातल्या एका बँडचा तर मी शोधच लावला, असं कुणीतरी लिहिलं होतं. मी ते खोडून काढलं नाही. खरं तर तो बँड मी नव्वदच्या दशकात स्वतःच्या हाताने पुसला होता.

कॉलेजात आमच्या वर्गात सटाण्याजवळच्या नामपूर गावचा एक मुलगा होता. मामा जहाजावर कामाला, ते बंदरा-बंदरातून मिळतील त्या कॅसेटी आणायचे. याच्या खोलीत तशा आठ-नऊ होत्या. इंग्रजी समजायचं नाही, पण गिटार आणि ड्रमवर जीव. मी शहरातला, मासिकं चाळून पाठ केलेल्या पाच-सहा बँडच्या जोरावर वर्गातला जाणकार झालेलो. त्याने मोठ्या विश्वासाने त्यातली सगळ्यात लाडकी कॅसेट मला ऐकायला दिली. कव्हरवर पावसात भिजलेला रिकामा बसथांबा होता. बँडचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मला माहीत नाही म्हणजे त्यात काही दम नाही, असा माझा सरळ हिशोब. अर्धा मिनिट लावली आणि बंद केली.

त्याच आठवड्यात गॅदरिंगच्या नाचासाठी गाणं भरून हवं होतं आणि कोरी कॅसेट हाताशी नव्हती. पुसली जाऊ नये म्हणून त्याने तिच्या मागच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही छोटे तुकडे मोडून ठेवले होते. तिथे पडलेल्या भोकांवर मी चिकटपट्टी लावली आणि दोन्ही बाजूंना नाचाचं गाणं पुन्हा पुन्हा भरलं. गॅदरिंग आटोपल्यावर परत देताना पट्टी तेवढी काढली. म्हणालो, सगळी ऐकली, टुकार आहे, पार फालतू. तो बरं म्हणाला. पुढेही कधी त्याने विषय काढला नाही, आणि मी आपला सुटलो.

दहा-बारा वर्षांनी घरी ब्रॉडबँड आलं. जुने बँड धुंडाळताना एक दिवस पडद्यावर तोच बसथांबा उगवला. अख्खा अल्बम उतरवून ऐकला. इतकं सुंदर काही मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. त्याच्यावर मी पोस्ट लिहिली, वाहवा घेतली, आणि मग मात्र मला माझीच किळस आली.

सटाण्याला एका लग्नाला जाताना तो अल्बम सीडीवर भरून नेला आणि तिथून नामपूर गाठलं. त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. चहा मागवून त्याने घरच्यांची चौकशी केली. मी एका दमात सांगून टाकलं की तुझी कॅसेट मी पुसली होती. तो हसला. त्याला ते त्याच दिवशी कळलं होतं. त्याचं त्याला काही वाटलं नव्हतं.

"तू म्हनला व्हता, टुकार शे," तो म्हणाला. "मंग मी बाकीच्या बी पुसून टाकल्या. तुले समजतं, माले काय समजतं?"

त्या सगळ्या त्याने गावच्या भजनी मंडळाला भजनं भरायला देऊन टाकल्या होत्या. त्यानंतर असलं काही ऐकायच्या भानगडीत तो पडला नव्हता. मला तोंड लपवावंसं वाटलं.

बिलांच्या कॉम्प्युटरवर त्याने सीडी लावली. पहिलं गाणं सुरू झालं आणि ड्रम यायच्या आधीच त्याची बोटं काउंटरवर वाजायला लागली. एवढ्या वर्षांनी, अचूक.

"म्हणजे हे चांगलं व्हतं?" त्याने विचारलं.

"फार चांगलं."

"मंग तवा तुले कसं नाय आवडलं?"

मी म्हणालो, "मी ऐकलंच नव्हतं रे."

त्याची बोटं थांबली. गाणं संपेपर्यंत त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.